नापास व्हायची तयारी

नर्सिंगच्या तिन्ही वर्षांत पहिला नंबर न सोडलेली सुरभी त्या दिवशी मुलाखतीला निघाली ती एकही उत्तर बरोबर द्यायचं नाही, असं ठरवूनच. मुलाखत होती नेर गावाबाहेरच्या वृद्धसेवा केंद्रात. तिथले बहुतेक म्हातारे खाटेवरच असत.

कारण साधं होतं. तिचे वडील पुंडलिकराव बोलून बसले होते, "इथं नाई घेतलं त जाय पुण्याले. मी आडवा येत नाई." पुण्यात तिची मैत्रीण कशफ मोठ्या दवाखान्यात लागली होती आणि खोलीतली दुसरी खाट तिनं सुरभीसाठी धरून ठेवली होती. इथं घेतलं तर मात्र घरून जायचं, घरी यायचं, आणि पुढे जवळपासचाच एखादा नवरदेव. पुंडलिकरावांनी तर स्कुटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

आता पोरीची मुलाखत म्हटल्यावर बाप सोबत येणारच, आणि तोही दाराशी थांबणार नाही, आत खुर्चीत बसणार. केंद्र चालवणाऱ्या विमलताईंनी दोघांनाही चहा दिला आणि विचारलं, "अंथरुणावरच्या पेशंटची कूस कधी बदलायची?"

"दिवसातून एकदा," सुरभी म्हणाली.

"घाबरली ते!" पुंडलिकराव मध्येच बोलले. "माह्या मायले दर दोन घंट्यानं वळवत होती. एक फोड नाई आला म्हातारीले."

सुरभीनं दात आवळले. बाप धड नापासही होऊ देईना.

"शुगर एकदम उतरली तर काय द्यायचं?"

"इन्सुलिन."

विमलताईंच्या भुवया वर गेल्या. इन्सुलिननं तर पेशंट जागच्या जागी जायचा. हे पुंडलिकरावांच्या डोक्यावरून गेलं, म्हणून ते गप्प राहिले. सुरभीला लाज वाटली आणि मनात उकळ्याही फुटल्या.

"कळवतो आम्ही," विमलताई कोरडेपणानं म्हणाल्या. कळवतो म्हणजे काय, हे सगळ्यांनाच कळतं. सुरभी उठली. तिला नाचावंसं वाटत होतं.

बाहेर जायची वाट मात्र हॉलमधून होती, आणि तिथं जेवणं चालली होती. दाराजवळच्या खाटेवर सदाशिवराव मास्तर होते, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेले. एक मावशी त्यांना उताणं निजवूनच वरणभात भरवत होती. ते खोकत होते, आणि मावशीचा चमचा काही थांबत नव्हता.

सुरभी पुढे गेली. पार दारापर्यंत गेली. मग तिच्यानं राहवेना.

"अवं बाई, थांबा! आडवं ठेवून कायले चारता? घास श्वासात जाईन ना!"

तिनं मास्तरांना उठवून बसवलं, पाठीला उशा लावल्या, हनुवटी थोडी खाली केली. चमचा डाव्या, चांगल्या बाजूनं दिला आणि ते गिळेपर्यंत वाट पाहिली. मान वर केली तेव्हा विमलताई समोर उभ्या होत्या.

"आणि मघाशी इन्सुलिन देत होतीस?"

सुरभीचा बांध फुटला. "ताई, उत्तरं मी मुद्दाम चुकवली. मले पुण्याले जायचं हाय. पाया पडते तुमच्या, मले घेऊ नका."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. पण विमलताई हसल्या.

"म्हणजे येत होती ना सगळी?"

खरं बोलून तिनं आपल्याच दाराला बाहेरून कडी लावून घेतली होती.

"अगं, अशा पोरीसाठी आम्ही डोळे लावून बसलोय."

"सोमवारपासून येते ते," पुंडलिकराव म्हणाले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

सुरभीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. हातातला चमचा तिथंच टाकावा आणि सरळ बसस्टँड गाठावं, असं तिला वाटलं. दार उघडंच होतं. पण मास्तरांचा पहिला घास सुखरूप उतरला होता आणि दुसऱ्यासाठी त्यांनी तोंड उघडलं होतं. सुरभीनं चमचा भरला.