रानबडीशेपेचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. लाकडाचं नव्हे, रानबडीशेपेच्या वाळक्या देठांचं. दिसायला जाडजूड, पण उचलाल तर उशीइतकं हलकं. माझ्या शेजारच्या खाटेवर एलविराबाई झोपल्या आहेत. त्यांना आत्ता, या घडीला, कुणीतरी उठवायला हवं. मला हाक मारता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. माझी सांगण्याची चाल सावकाशच आहे, तिला इलाज नाही.

सार्डिनिया बेटावर, बाकीस मेंढपाळाच्या उतारावर माझा जन्म. रानबडीशेप तिथे माणसाच्या डोक्यावर जाते, पिवळी छत्रं धरते आणि उन्हाळा लागला की उभ्या उभ्या वाळते. बाकीसच्या वडिलांनी देठ कापले, आडवे-उभे रचले, खुंट्या ठोकल्या आणि मला चुलीपाशी ठेवलं. ते माझ्यावर बसून चीज करायचे. ते गेल्यावर थोरली लेक माल्लेना बसू लागली. शेंगा सोलायची आणि भावाला बोल लावायची. माणसांचं असं आहे बघा, ज्याच्यावर रोज बसतात ते कशाचं झालंय, हे विसरून जातात.

माझी जात मात्र मेंढ्यांची वैरी. हिरवा पाला जास्त खाल्ला, की मेंढीच्या नाकातून रक्त येतं आणि ते थांबतच नाही. यंदा बाकीसच्या चांगल्या दुभत्या मेंढ्या अशाच गेल्या. शेवटची मेली तेव्हा तो तिच्या डोक्याशी बराच वेळ उकिडवा बसला. उठला तो म्हणाला, "वाळू दे एकदा. अख्खा उतार पेटवतो."

त्यातच एलविराबाई आल्या. समुद्रापलीकडच्या, मोठ्या शहरातल्या. दर उन्हाळ्यात याच खोलीत उतरायच्या आणि फुलपाखरं बघत हिंडायच्या. डोळे आता अधू होत चाललेले. यंदा दिसलं तर दिसलं, असं एकच फुलपाखरू बघायचं उरलं होतं.

"बाई, एवढी उडताहेत, त्यातलं एखादं चालत नाही का तुम्हाला?" माल्लेना विचारायची.

"ती लांब शेपटीची गं. ती सगळीकडे असतात. आखूड शेपटीचं मात्र फक्त तुमच्या बेटावर दिसतं, नाहीतर शेजारच्या बेटावर."

"आमचं सगळंच आखूड! आमच्या बाकीसला बघा की. मामेबहिणीच्या लग्नात फोटोवाल्याने पेटीवर उभा केला होता."

"अक्का, पाहुण्यांसमोर तरी!"

रोज सकाळी बाई मला काखेत मारून उतारावर न्यायच्या. शेळ्यांच्या वाटेकडेला मला टेकवून बसायच्या, दगडासारख्या स्थिर. पिवळ्याकाळ्या पंखांचं काही आलं की डोळे बारीक करायच्या. "लांब," पुटपुटायच्या. "हेही लांबच." मग एक दिवस त्यांना रानबडीशेपेवर अळ्या दिसल्या, हिरव्याकाळ्या, केशरी ठिपक्यांच्या. एकीला त्यांनी बोट लावलं, तशी तिने डोक्यातून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडला, आणि बाई हरखून हसल्या. संध्याकाळी त्या बाकीसला म्हणाल्या, "तो उतार जाळू नका. त्या आखूड शेपटीच्या फुलपाखराची पिल्लं आहेत तिथे."

त्या घराची रीत अशी, की पाहुणा जिथे बसतो तिथे आग लावायची नाही. म्हणून बाकीस म्हणाला, "तुम्ही तिथे असेपर्यंत नाही लावणार."

हे वाक्य मी ऐकलं, तेव्हाच माझे देठ करकरले.

काल संध्याकाळी बाई मला उतारावरच विसरून आल्या. आज वायव्येचा वारा पडला. बाई आणि माल्लेना सकाळच्या गाडीने बाजाराला गेल्या. पाहुणी उतारावर नाही, म्हणजे शब्दही मोडत नाही, असं बाकीसने धरलं आणि काडी ओढली. गावाने धूर पाहिला, खिडक्या लावून घेतल्या. उन्हाळ्यात आग लावायला सरकारची बंदी आहे, पण तिथे कुणी कुणाचं नाव सांगत नाही.

माझे भाऊबंद पेटताना मी पाहिले. आवाज फार होत नाही. सुकी बोटं मोडावीत तसा. एक अळी धडपडत आली आणि माझ्या पोटाखाली चिकटली. शेळ्यांच्या उघड्या वाटेपाशी जाळ थांबला. पण त्याआधी एक ठिणगी माझ्या टोकाच्या देठात शिरली.

आमच्या आत भेंडासारखा गाभा असतो. त्यात विस्तव गेला, की वरून थंड, आतून जागा. जुने मेंढपाळ असाच विस्तव या डोंगरावरून त्या डोंगरावर न्यायचे. बाकीसला हे पक्कं ठाऊक. म्हणून त्याने उभा राहिलेला देठन् देठ तोडला, चिरला, त्यावर पाणी ओतलं. मला मात्र टोपीने झटकलं आणि हसला. मी काय, घरातलं सामान! जेवणवेळेला बाई आणि माल्लेना बाजारातून परतल्या, तसं त्याने मला पुढे केलं.

"बाई, बघा! सगळं गेलं, तुमची बैठक वाचली. नशीबवान आहे. उशाशीच ठेवा."

बाईंनी खिडकीतून काळा उतार पाहिला. "तुम्ही शब्द दिला होता."

"तुम्ही तिथे असेपर्यंत म्हणालो होतो. तुम्ही नव्हता."

"मोठा वकील लागून गेलास!" माल्लेना कडाडली. "आधी त्यांच्यासमोर ताट ठेव."

बाईंनी भाकरीचा तुकडाही मोडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडल्या. धूर येऊ नये म्हणून माल्लेनाने खिडकी घट्ट लावली, दार ओढून घेतलं. आता भर दुपार. सगळं गाव झोपलंय. मघाशी माल्लेना दारावरून गेली, थांबली, नाक वर करून हुंगलं. "आज सगळ्या गावालाच धुराचा वास," म्हणाली आणि गेली.

विस्तव पहिल्या देठातून दुसऱ्यात आलाय. तिसऱ्यावर चादरीचा कोपरा लोंबतोय.

अळीला ऊब लागली असावी. ती पोटाखालून निघाली, माझ्या कडेवर चढली, चादरीवर गेली. बाईंनी आत्ताच कूस बदलली. त्यांचा हात चादरीवर उघडा पडलाय, वीतभर अंतरावर.

अळीबाई, थांबू नकोस. त्यांच्या मनगटावर चढ. झोपेत त्यांनी तुला झटकलं, तर डोक्यावरची ती केशरी शिंगं बाहेर काढ आणि असेल नसेल तेवढा उग्र वास सोड. धुराला आज कुणी भीत नाही. पण तुझा वास त्या बाईला झोपेतसुद्धा ओळखू येईल. चल माझी माय, पुढे चल.