टाकीतला सुस्कारा

गाडीबुवांनी मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडलं, आतून ‘सुऽऽस्स’ असा लांबलचक सुस्कारा आला आणि जमलेली दीडदोनशे माणसं एकदम दोन पावलं मागे सरकली.

"पळालं! ऐकलंत?" बुवा गरजले. "भक्तहो, हे भूत पेट्रोल पीत नाही, पेट्रोलचा श्वास पितं! म्हणून गाडी गुदमरते, म्हणून ती वळणावर अंग टाकते आणि हाडं मात्र तुमची मोडतात!"

त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूचा पिवळा लेप नखानं खरवडून काढला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि किक मारली. मघाशी मुडद्यासारखी पडलेली गाडी धडधडू लागली. माणसांनी हात जोडले. एकानं तर सायलेन्सरला नमस्कार केला आणि बोटं भाजून घेतली.

गाडी ग्रंथपालांच्या लेकीची होती. ग्रंथपाल म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. गर्दीच्या कडेला कापडी पिशवी छातीशी धरून उभे. मुलीच्या मागे बसून चढ चढताना त्यांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. सायलेन्सरवाला भक्त पाहून त्यांच्या ओठांवर एक टोचरं वाक्य आलं होतं, पण नेहमीप्रमाणे त्यांनी ते गिळलं. चाळीस वर्षं त्यांनी ‘शांतता राखा’ या पाटीखाली नोकरी केली होती, आणि ती पाटी त्यांच्याइतकी कोणीच पाळली नव्हती.

या चढापलीकडच्या उतारावर एक वळण होतं. तिथे वर्षभरात सहा मोटरसायकली पडल्या होत्या. सहाही पेट्रोलपंपाशेजारच्या मेस्त्रीकडे आल्या. दोघींचे टायर गोट्यासारखे गुळगुळीत, एकीची साखळी ढिली पडून चाकात अडकलेली, उरलेल्यांचे ब्रेक पार घासून गेलेले. मेस्त्रीनं हे सगळ्यांना सांगितलं. कोणाला पटलं नाही. आपल्या आळसाला भुताचं नाव मिळत असेल तर कोणाला नको असतं?

तेवढ्यात गाडीबुवा अवतरले आणि चढाच्या माथ्यावर त्यांची शेड उभी राहिली. पंपावर त्यांचा चेला बसे. टाकी काठोकाठ भरायची, मग चेला झाकणाला आतून ‘रक्षालेप’ लावणार. गाडीत भूत असेल तर तीन किलोमीटरचा चढ चढून ती बुवांच्या दारात गुडघे टेकणार! टेकायच्याही, दहातल्या आठ. मग तो सुस्कारा, आणि वर टाकीला चिकटवलेला ‘अभयपट्टा’.

"एक वर्ष निर्धास्त!" बुवा बजावत. "पण खबरदार! गाडीला पाना लागला की अभय तुटलं. सर्व्हिसिंग नाही, मेस्त्री नाही. श्रद्धेत लोखंड आलं की संपलं!"

उतारावर ग्रंथपालांनी धीर करून एक डोळा उघडला. लेक पुढचा ब्रेक दाबत होती आणि त्याचा दांडा थेट मुठीला टेकत होता.

"अगं, हा दांडा एवढा आत जायचा असतो का?"

"अप्पा, तुम्हाला काय कळतं गाडीतलं? सायकलसुद्धा हातात धरून चालत न्यायचात तुम्ही."

हे खरं होतं. ते गप्प बसले. पण लेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. रक्ताच्या नमुन्यांची पेटी मागे बांधून ती हाच उतार दिवसातून चार वेळा उतरायची.

घरी आल्यावर त्यांनी गाडीच्या सीटखालून एक पुस्तक काढलं. गाडीबरोबर फुकट मिळालेलं. चार वर्षं झाली तरी वरचं प्लास्टिकही फाटलेलं नव्हतं. छापील म्हणून जे काही हाती येईल ते ग्रंथपाल वाचत, औषधाच्या बाटलीतल्या चिठोऱ्यासकट. सर्व्हिसिंगचा तक्ता त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचला. ब्रेकची केबल, साखळीचा ताण, टायरची नक्षी, हवा. लेकीनं यातलं काही दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि एकतिसाव्या पानावर एक साधं वाक्य होतं: ‘टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास पेट्रोल खाली उतरत नाही व गाडी बंद पडते.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग त्यांना वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल. चार दिवस त्यांना तसंच वाटत राहिलं. पाचव्या दिवशी ते मेस्त्रीकडे गेले.

मेस्त्री रिकाम्या गॅरेजात तेलाच्या डब्यावर बसला होता. पान वाचून तो हसला. "काका, तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात?"

"एकातून तेल बाहेर यावं... आणि दुसऱ्यातून हवा आत जावी म्हणून."

"झालं की मग! दुसरं भोक बुजवलं की तेल अडलं. तो लेप म्हणजे मेण आहे, रंग लावलेलं. झाकण उघडलं की हवा सुसाट आत घुसते. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी, मग पेट्रोल लवकर अडतं. तीन किलोमीटर बरोबर पुरतात."

"तुला हे माहीत होतं? मग बोलत का नाहीस?"

"बोललो की! म्हणाले, धंदा बसला म्हणून जळतोय. तुमचं कुठे गॅरेज आहे? तुमचं ऐकतील."

"मला गर्दीत बोलता येत नाही रे."

"आणि मला येतं, तर ऐकणारं कोणी नाही. छान जोडी जमली आपली."

रविवारी ग्रंथपाल लेकीला म्हणाले, "मला शेडवर घेऊन चल. पण गाडी ढकलत." लेकीनं कपाळाला हात लावला. शेवटी मेस्त्रीनं त्यांची गाडी टेम्पोत घातली आणि तिघं वर गेले. ग्रंथपालांनी सहा वाक्यं पाठ केली होती. बुवांसमोर उभं राहिल्यावर सहाच्या सहा पळाली. उरलं एवढंच:

"हे लेपाचं... तुमच्या शिष्याच्या गाडीवर करून बघू या का?"

"मोठ्यानं बोला, आजोबा!" मागून कोणीतरी हसलं.

"माझ्या शिष्याच्या गाडीत भूत शिरूच शकत नाही!" बुवा म्हणाले.

"मग भिताय कशाला?" ग्रंथपाल म्हणाले. आपण हे म्हणालो, याचं त्यांनाच नवल वाटलं.

गर्दीत हशा पिकला. पायाला प्लास्टर घातलेला दूधवाला पुढे सरकला. त्या सहा जणांतला एक. "होऊन जाऊ दे! भूत नाही तर नाही, तुमचं काय जातंय?"

नुकत्याच पंपावरून वर आलेल्या चेल्यानं ‘टाकी भरलेलीच आहे’ अशी फुशारकीही मारली. ग्रंथपालांनी पिशवीतून मेणबत्तीचा तुकडा काढला, झाकणावरचं बारीक छिद्र मेणानं बुजवलं आणि मेस्त्रीनं गाडी उभ्या उभ्या रेस केली. बुवांनी मंत्र सुरू केले. दहा मिनिटं झाली, मंत्र संपले, ते पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. बाराव्या मिनिटाला गाडी फडफडली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

ग्रंथपालांनी वाचनालयाची एक जुनी कागदी चिठ्ठी झाकणाला खेटून धरली आणि टाचणीनं मेणाला भोक पाडलं. ‘सुऽऽस्स!’ चिठ्ठी हातातून निसटली आणि छिद्रावर पापडासारखी चिकटून बसली.

"भूत बाहेर पडलं असतं तर ही उडाली असती," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण आता तो शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "ही आत ओढली गेली. हवा आत गेली. बाहेर काहीसुद्धा आलेलं नाही."

"विज्ञान ही माझीच लीला आहे!" बुवांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मग लीलेला सर्व्हिसिंगची ॲलर्जी का हो?" दूधवाला ओरडला. हशा थांबेपर्यंत बुवा शेडमागच्या चारचाकीत बसले होते. मोटरसायकलवरून जायची हिंमत त्यांनी कधीच केली नव्हती. त्यांच्या बुद्धीचं तेवढं एकच लक्षण. चेला गाडी ढकलत मागून धावला.

लेक आपल्या गाडीपाशी मान खाली घालून उभी होती. मेस्त्रीनं तिचा पुढचा ब्रेक दोनदा दाबला. तिसऱ्यांदा जोर लावला, आणि ‘टक्’ असा आवाज झाला. दांडा लुळा पडला. त्यानं केबल ओढली. तुटलेलं टोक झाडूसारखं पिंजारलेलं होतं.

"दोन-तीन तारांवर चाललं होतं, ताई. आज नाही तर उद्या."

लेकीनं समोर उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि शेडच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "अप्पा, आजपर्यंत का थांबलात? मी आठवडाभर इथूनच उतरत होते."

"मला वाटलं, माझंच चुकत असेल."

तिनं बसल्या बसल्या टाकीवरचा अभयपट्टा नखानं सोलायला सुरुवात केली. ग्रंथपालांना या उत्तराची लाज वाटली, बुवाची वाटली होती त्याहून जास्त. बुवा लबाड होता. आपण तर नुसते गप्प होतो.

गर्दी पांगत होती. "पण त्या वळणावर काहीतरी असेलच," असं दोघं-तिघं आताही कुजबुजत होते. ते ऐकून ग्रंथपाल वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

"आहे ना! वळणावर वळण आहे! आणि तुमच्या गाडीला घासलेला ब्रेक आहे, गुळगुळीत टायर आहे, लोंबणारी साखळी आहे. आठवड्यातून पाच मिनिटं बघा. पुस्तक वाचायचा कंटाळा असेल तर मेस्त्रीला विचारा. झिजलेली वस्तू डोळ्यांना दिसते, त्यासाठी सिद्धी लागत नाही. फक्त वाकावं लागतं. बुवाच्या पायाशी वाकत होतात ना? तेवढंच, चाकापाशी!"

दूधवाल्यानं कुबडी बाजूला ठेवली आणि मेस्त्रीचा खांदा धरून तो कण्हत कण्हत जवळच्या एका गाडीच्या चाकाशी वाकला. गाडी त्याची नव्हती.

"ए, कोणाची रे ही?" तो टायरवर अंगठा फिरवत म्हणाला. "माझाही अगदी असाच होता."