डॉक्टरबाईंनी लिहून दिलेली भाजी

रंगाऱ्याचा एक नियम होता: डब्यावर लिहिलंय तसंच करायचं. अर्धं पाणी घाला म्हटलं तर अर्धं, रात्रभर वाळू द्या म्हटलं तर रात्रभर. त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी साखर वाढल्याचं सांगून गोळ्यांसोबत भाजी आणि फळंही लिहून दिली, तेव्हा तो चक्रावला खरा; पण निमूटपणे चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेला.

"गोळ्या घ्या," दुकानदाराने हसू दाबलं, "पालक आमच्याकडे नसतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला ही चिठ्ठी दाखवा. पैसे दवाखान्याच्या योजनेतून जातात. ज्यांची कमाई बेताची, त्यांच्यासाठी आहे ती."

भाजीवाल्याने चिठ्ठीवर शिक्का मारला आणि दोन पिशव्या गच्च भरून दिल्या. पालक, गाजरं, कोबी, टोमॅटो, संत्री, सफरचंदं. पैसे मात्र घेतले नाहीत.

"एवढं सगळं?"

"आठवड्याचं आहे," म्हणत भाजीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आठवड्याचं म्हणजे आठवड्यात संपवायचं. औषध अर्धवट सोडायचं नसतं, एवढं रंगाऱ्यालाही ठाऊक होतं. आणि एकाचं औषध दुसऱ्याने खायचं नसतं, हेही. त्याने पिशव्या कपाटावर चढवून ठेवल्या.

धाकटीने स्टुलावर चढून संत्र्याला हात लावला मात्र, तो ओरडला, "ते माझं औषध आहे!"

पोरगी रडवेली झाली. बायको बघतच राहिली. ज्या माणसाने आजवर पोरींआधी घास उचलला नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून गाजरं चावत बसला होता! रंगाऱ्याच्याही घशाखाली ती उतरत नव्हती, पण औषध म्हणून उतरवत होता. दोन-तीन दिवसांत पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कामावर शिडी चढवेना. आणि कोबी अजून अख्खा उरला होता.

"अहो, तुमची साखर वाढलीय की अक्कल घटलीय?" बायकोने शेवटी विचारलं, आणि त्याला घेऊन तडक दवाखाना गाठला.

सिस्टरने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अहो दादा, घरात चार माणसं म्हणून सांगितलंत ना? भाजी चौघांची आहे."

"पण दुखणं तर माझं एकट्याचंय!"

"एकट्याने केलेलं पथ्य टिकत नाही. घरच्यांनी खाल्लं तर तुम्हीही खाल."

रंगाऱ्याला हे अर्धंच कळलं. बाहेर आल्यावर बायकोला हसू आवरेना.  त्याच्या डोळ्यांपुढून मात्र धाकटीचा चेहरा हलत नव्हता.

घरी येऊन त्याने स्वतः संत्री सोलली. धाकटीने आधी आईकडे पाहिलं, मग भीत भीत फोड तोंडात टाकली. थोरलीने मात्र कुणाकडेच न पाहता दोन संत्री फस्त केली.

पुढच्या आठवड्यात भाजीवाला म्हणाला, "या वेळी तुम्हीच निवडा. काय काय देऊ?"

रंगाऱ्याने काकडी उचलली, परत ठेवली आणि बीट उचललं. थोरलीला काकडी आवडते की बीट? धाकटी केळी खाते का? आणि बायकोला काय आवडतं? इतकी वर्षं परवडेल तेच घरात यायचं. आवड विचारायची वेळच आली नव्हती. मागची माणसं खोळंबली. कुणीतरी खाकरलं.

"आलोच," म्हणत त्याने रिकाम्या पिशव्या तिथेच फळीवर ठेवल्या आणि विचारायला घराकडे निघाला.