झरणाचं पारणं

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी झरणाने काही खाल्लं नाही, कारण अंथरुणातून उठून ताटापर्यंत जाणं तिला जमलं नाही. एवढंच झालं होतं. पण तिच्या सासूबाई, विमळाबेन, हरखून गेल्या. सुनेने न सांगता उपवास धरला, याहून मोठं भाग्य ते कोणतं! त्यांनी तिला उठवून, साडी नेसवून उपाश्रयात नेलं. तिथे साध्वीजी उपवासाचा नेम देत होत्या. झरणाने हात जोडले. मला उपवास नाही, मला जगणंच नकोसं झालंय, हे बोलण्यापेक्षा हात जोडणं सोपं होतं.

आदल्याच आठवड्यात वडोदऱ्याच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या होत्या. रोज सकाळी, खाल्ल्यावर एक. डिप्रेशन आहे, औषधाने फरक पडतो, म्हणाले होते. पाकीट कपाटात तसंच होतं. असल्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, असं नवऱ्याचं, मौलिकचं म्हणणं. आणि गोळी घेतली की आपण वेड्यांत जमा झालो, ही तिची स्वतःची धास्ती. घ्यावी की न घ्यावी यातच दिवस गेले. शेवटी जीव घट्ट करून ती म्हणाली, "उद्यापासून सुरू करते." आणि उद्या नेमका हा उपवास उगवला. त्यात दिवसाउजेडी उकळलेलं पाणी तेवढं चालतं. गोळी गिळली की उपवास मोडला.

दोन दिवस झाले, तीन झाले. मग आता अठ्ठाईच होऊ दे, पुरे आठ दिवस, असं घराने परस्पर ठरवून टाकलं. खंभातच्या त्या गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बायकांची रीघ लागली.

"शातेत आहात ना?" पाया पडताना जी ती खुशाली विचारी, आणि उत्तराला कोणी थांबत नसे.

"आमच्या वहिनीला पाणीपुरीचा ठेला दिसला की रिक्षा थांबवायला लागायची," नणंद सांगे, "आणि आता बघा! आमचीच नजर लागायची!"

झरणाला बरं वाटत होतं असं मुळीच नाही. फक्त आता दिवसभर पडून राहिलं तरी "ऊठ" असं कोणी म्हणत नव्हतं. तेवढ्यासाठी ती जन्मभर उपाशी राहायला तयार होती.

आठव्या दिवशी तिने तेच मागितलं. "साहेबजी, पुढे चालू ठेवते. मला काही म्हणजे काही नको वाटतं."

म्हाताऱ्या साध्वीजींनी मान वर केली. "काही नको वाटावं म्हणून आम्ही उभा जन्म घासतोय, बेन, अजून साधलेलं नाही. तुला घरबसल्या मिळालं? हे तप नव्हे, दुखणं आहे. उद्या पारणं कर आणि औषध घे."

"परीक्षा घेतली हो तुझी साहेबजींनी!" वाटेत विमळाबेन कौतुकाने म्हणाल्या.

त्या संध्याकाळी संवत्सरी. सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. मौलिकही हात जोडून समोर आला आणि दरवर्षीप्रमाणे भराभर म्हणाला, "जाणता-अजाणता तुझं मन दुखवलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्."

"जाणता की अजाणता?" झरणाने विचारलं.

"म्हणजे काय? म्हणतात तसं."

"माझ्या गोळ्या कपाटात नाहीत."

मौलिकचे जोडलेले हात खाली आले. "टाकून दिल्या. मम्मी म्हणाली, तपस्वीच्या घरात असलं नको. आणि तू इतकी शांत दिसत होतीस गं. मला वाटलं, बरी झालीस."

हा माणूस रोज तिच्या शेजारी झोपत होता. ती आतून संपत चालली होती आणि त्याला ती शांत दिसली. तिला रडायला हवं होतं, पण तेही आलं नाही.

"सकाळी पारण्याआधी आणून दे."

"सकाळी? औषधांचं दुकान हसुकाकांचं, अख्ख्या गल्लीत बोभाटा होईल. चार दिवस जाऊ दे ना."

पारण्याला सारं गणगोत जमलं. नव्या साडीत झरणाला पाटावर बसवलं. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी. एकेकाने चमचा भरवायचा, पहिला मान सासूचा.

"तोंड उघड, बेटा."

झरणाने तोंड उघडलं आणि सर्वांदेखत म्हणाली, "माझं तप नव्हतं. मला डिप्रेशन आहे. माझ्या गोळ्या आणा, मग खाते."

मग विमळाबेन हसल्या. "आठ दिवसांचं रिकामं पोट, चढतंच डोक्यात." आणि त्या उघड्या तोंडात त्यांनी चमचा घातला.

"जय हो!" बायका ओरडल्या.

झरणाने गिळलं नाही. पाणी ओठांवरून ओघळून साडीवर सांडलं. विमळाबेननी पदराने ते टिपलं आणि दुसरा चमचा भरला. तोही सांडला. तिसरा मौलिकचा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली; काकुळतीने नव्हे, तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

मौलिकने भरलेला चमचा परत वाटीत ठेवला.

"कुठे निघालास? मुहूर्त टळतोय!" विमळाबेन म्हणाल्या.

"हसुकाकांकडे," तो म्हणाला, आणि उंबऱ्याबाहेरच्या चपलांच्या ढिगात आपला जोड शोधू लागला.