नुसतं हं

सरांनी शर्टाची बटणं लावली, एक वर-खाली झालेलं पाहिलं आणि पुन्हा सगळी सोडली. लेक दारात उभी होती. वस्तीतल्या शाळेत शिकवून ती तशीच आली होती, खडूने माखलेल्या हातांनी.

“बाबा, वस्ती हलवायची की नाही ते आज समिती ठरवणार. तिच्यापुढे एवढंच सांगा की नव्या खोल्या शहराबाहेर आहेत. लोकांना ते माहीत नव्हतं.”

“आम्ही पाहणीत विचारलं होतं, पक्की खोली मिळाली तर जाल का? बहुतेक जण हो म्हणाले. कुठे, ते विचारलंच नव्हतं. जे विचारलं नाही त्याचं उत्तर मी कसं देऊ?”

“पण तुम्हाला माहीत आहे ना, कुठे ते?”

“हं,” सर म्हणाले.

हे हं सरांचं खास. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते सगळ्यात आधी हेच शिकवत. मुलाखतीत समोरचा रडो की हसो, आपण अरेरे म्हणायचं नाही, वा म्हणायचं नाही. आपलं मत त्याच्या उत्तरात मिसळता कामा नये. पोरं बिचारी आरशापुढे सराव करायची. घरी बायको कपाळावर हात मारून घ्यायची. “जेवण खारट झालंय का विचारावं, तर म्हणे हं!” त्यावर लेक पोट धरून हसायची. पुढे ती त्यांच्याच वर्गात बसली आणि तिचं हं थेट सरांच्या तोडीचं निघालं. सरांना तेव्हा कोण अभिमान वाटला होता.

“निदान मावशींचा तरी विचार करा,” लेक म्हणाली. “चार घरची भांडी घासून पोट भरतात. त्यांचा दवाखाना इथे, कामं इथे.”

मावशी ही वस्तीतली त्यांची पहिली मुलाखत. घरातली एकुलती एक खुर्ची पदराने पुसून त्यांनी सरांना बसायला दिली होती. “भाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, जाऊ का मी?” सर हं म्हणाले होते. मावशी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, “जाईन की.”

“हे बघ,” सर म्हणाले, “काय आढळलं ते मी सांगेन. काय व्हावं ते ठरवणारे दुसरे आहेत. मीच बाजू घ्यायला लागलो, तर उद्या माझ्या अभ्यासाला कुत्रं विचारणार नाही.”

समितीपुढे सर आकडे बोलले. एकही आकडा खोटा नव्हता. अध्यक्ष खूश झाले.

“आणखी काही सांगायचंय, सर?”

शेवटच्या रांगेत लेक बसली होती. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

“नाही.”

पावसाळ्याआधी वस्ती उठली. लेक मैत्रिणीकडे राहायला गेली. घर खायला उठलं तरी सरांनी फोन केला नाही, आणि तिनेही नाही.

एका दुपारी ती कपडे न्यायला आली. सर तिच्या मागोमाग खोलीत गेले.

“मावशी कशा आहेत?”

“गेल्या,” कपाट उघडत ती म्हणाली. “छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांनी बसमध्ये घातलं. दवाखाना येईपर्यंत...”

तिने एक ओढणी काढली आणि घडी घातली. सर पलंगाच्या कडेला बसले. त्यांना ती पुसलेली खुर्ची आठवली आणि ते रडायला लागले. इतक्या वर्षांत लेकीने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, बायको गेली तेव्हासुद्धा नाही.

“मला माहीत होतं गं. तिथे बसल्या-बसल्या सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तुझ्याकडे बघितलंसुद्धा मी. मला वाटलं, गप्प राहिलो म्हणजे मी कुणाच्याच बाजूचा नाही.” त्यांचे खांदे हलायला लागले. “बाळा, चुकलं माझं. फार चुकलं. काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर.”

लेकीने पिशवीची चेन ओढली. मग ती त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा शांत होता, रागावलेला नव्हता आणि मऊही नव्हता. त्यांचं बोलणं पुरतं संपेपर्यंत ती थांबली, त्यांनीच शिकवलं होतं तशी.

“हं,” ती म्हणाली.