तीन गाडग्यांतली पाल

कडूबानं आपल्या ओट्यावर तीन गाडगी मांडली. तिन्हींच्या तोंडाला फडकी बांधलेली. "पाह्य उकंडभाऊ, तुले जे पाहिजे थे घे. पण गावात तुह्यं हसं होऊन राह्यलं, येवढं ध्यानात ठेव."

हसं व्हायचंच. देऊळघाटात पाल दिसली की झाडू शोधतात, अंगावर पडली की डोक्यावरून पाणी घेतात. पाळायला पाल मागणारा उकंडराव हा पहिलाच. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, पण पालीचे दिवस काही पालटले नव्हते.

आणि महिन्यापूर्वी पाल ठेचणाराही हाच उकंडराव. त्याची बायको गोजरबाई भाकर थापता थापता चुलीपुढेच कलंडली. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली. नेमकी त्याच्या जरा आधी भिंतीवरची पाल चुकचुकली होती. भावजय सुभद्राबाई म्हणाली, "पालीनं आधीच सांगतलं होतं भाऊजी. कोनी आयकलं नाही."

झालं. छत्तीस वर्षांची सोबतीण अशी आडवी झाल्यावर माणसानं राग काढायचा तरी कुणावर? देवावर काढायची हिंमत नसते. उकंडरावानं ती पाल झाडूनं ठेचली, बाकीच्या हाकलल्या, भिंतींना चुना फासला. पाल चुकचुकली की भुईवर तीनदा बोट टेकवून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं, हा त्या घरचा आजीपासूनचा रिवाज. तोही त्यानं त्या दिवशी सोडला.

मग आठ दिवसांनी तो गोजरबाईला पेज भरवत असताना वळचणीला राहिलेली एखादी चुकार पाल बोलली. आणि गोजरबाईच्या निपचित पडलेल्या उजव्या हाताचं बोट उचललं गेलं. खाटेच्या लाकडावर टेकलं. एकदा, दोनदा, तीनदा. उकंडरावाच्या हातातली वाटी सांडली.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून त्यानं बुलढाणा गाठलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. "ते सवयीनं हललं. म्हणजे वाट पुरती बुजलेली नाही. पण येत्या महिन्या-दीड महिन्यात बाईंनी आपल्या मनानं बोट हलवलं तरच हात परत येईल. नाहीतर खाट कायमची. तोवर जे हलतंय ते हलू द्या."

हलणार कशानं? चुन्याच्या वासानं वळचणीतलीही निघून गेली होती. उकंडरावानं स्वतः जिभेनं चुकचुक करून पाहिली. बोट ढिम्म. गोजरबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तो कडूबाकडे गेला. कडूबा मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारा, दगडाखालचा जीवही ओळखणारा माणूस.

आता कडूबानं पहिलं फडकं सोडलं. आत जाड शेपटीची, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची देखणी पाल होती. ती चक्क पापण्या मिटून उघडत होती. उकंडराव मागं सरकला. "हा त विसखोपडा हाय बे."

"लोकं म्हनतात. इख-बिख काही नाही." कडूबानं ती तळहातावर घेतली. "भितीवर चढता येत नाही हिले. पळून जाची नाही."

उकंडरावाचं मन तिथंच बसलं. पळून न जाणारी पाल, त्याला आणखी काय हवं होतं. "बोलते का?"

"हिचा आवाज म्या कधी आयकला नाही."

दुसऱ्या गाडग्यातली लिंबाच्या खोडावरची, सालीच्याच रंगाची. ती गाडगं उघडताच टुणकन उडाली आणि आढ्यात दिसेनाशी झाली. तिसऱ्यात कडूबाच्या गोठ्यातली साधी घरपाल होती. फिकट, मरतुकडी, शेपूट तुटून नवं फुटलेलं, बोटभरही नाही.

"बोलन त हेच बोलन," कडूबा म्हणाला. "पण कोंडून ठेवली त गप राह्यते. मोकळी सोडा लागन. राह्यली त राह्यली."

उकंडरावानं दोन्ही गाडगी जवळ ओढली. एक हातची न जाणारी, पण मुकी. दुसरीचा भरवसा नाही. त्यानं देखण्या पालीवर फडकं बांधून गाडगं कडूबाला परत दिलं.

मग घरी येऊन त्यानं खाटेजवळच्या भिंतीचा चुना खुरप्यानं खरवडून काढला, माती-शेणानं ती सारवली आणि पाल सोडली. रोज दिवेलागणीला तो तिथं कंदील टांगायचा. किडे यायचे, पाल ते टिपायची आणि तुळईमागं जायची. सहा दिवस झाले, पण तिनं तोंड उघडलं नाही. सुभद्राबाई दारातूनच नाक मुरडून जायची.

सातव्या संध्याकाळी उकंडरावाचा धीर सुटला. खाटेशी भुईवर बसून तो म्हणाला, "गोजरे, त्या दिवशीची पाल म्याच मारली व. थे बिचारी काय करन? मले तुह्यावाचून काही सुचलं नाही. मी चुकलो." आणि म्हातारा पोरासारखा रडला.

वर तुळईवर पाल चुकचुकली.

गोजरबाईचं बोट उठलं. खाटेवर तीनदा टेकलं. उकंडराव श्वास धरून बघत होता, पण गोजरबाई बोटाकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. बघतच राहिली. मग त्याला उमगलं. महिनाभर सोडलेला रिवाज त्यानं पुन्हा धरला, भुईवर बोट टेकवलं. "कृष्ण, कृष्ण, कृष्ण."

गोजरबाईचे डोळे भरून आले. मग तिचं बोट पुन्हा हललं. खाटेच्या कडेवरून ते घसरत, अडखळत पुढं आलं आणि त्याच्या ओल्या गालाला लागलं.

उकंडरावानं वर पाहिलं. पाल केव्हाच तुळईमागं गेली होती आणि ती दुसऱ्यांदा बोलली नव्हती.