नजर ओझ्यावर

मी गोदीतली जाळी बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं. जाड दोरांनी मला विणलंय आणि चार कोपऱ्यांना चार कान ठेवलेत. जहाजाच्या पोटात मला अंथरायचे, वर गोण्या रचायचे, चारही कान क्रेनच्या आकड्यात अडकवायचे, की निघाले मी वर! जमीन सुटली की भीतीनं मी गोण्यांना घट्ट आवळायचे. जन्म त्यात गेला, पण सवय म्हणून झाली नाही.

क्रेनवाल्याला केबिनमधून जहाजाचं पोट दिसत नाही. त्याला दिसतो कठड्याशी उभा असलेला इशारेवाला. त्याचा हात सांगेल तशी क्रेन चालते. आणि इशारेवाल्यानं नजर ओझ्यावरून हलवायची नाही, ही इथली शिस्त.

आमच्या क्रेनवाल्याची बायको ही इशारेवाल्याची सख्खी बहीण. दुपारी दोघं तिच्याच डब्यातून जेवायचे.

"दाजी, उतरा लवकर, नाहीतर भाजी संपली समजा!"

"संपव बाबा. माझ्या नावानं डबा, पण भरलेला तुझ्यासाठीच!"

मग ती आजारी पडली. भाऊ दवाखान्यात उशाशी बसला. "ती दाजींना विचारतेय," असा निरोप गोदीत आला, तेव्हा मी गोण्यांनी भरलेली, अधांतरी होते. वारा सुटला होता. लटकतं ओझं सोडून क्रेनवाल्याला उतरता येत नाही. बदलीचा इशारेवाला नवखा, तो गांगरला. मला खाली टेकवेपर्यंत फार वेळ गेला. दाजी धावत पोचले, तोवर ती गेली होती.

"आलात?" मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला. "गोण्या उतरल्या ना नीट?"

दाजींनी खुलासा केला नाही. मला सगळं ठाऊक, पण तोंड कुठाय?

त्यानंतर दिवसभर हातानं इशारे चालायचे आणि शब्द एक नाही. एखादा हमाल चिडवायचा, "मेहुण्या-दाजींनी मौनव्रत धरलंय की काय?" कुणी हसायचं नाही.

पुढे मोठाल्या पेट्यांमधून माल यायला लागला. नव्या क्रेनला ना जाळी लागे, ना इशारेवाला. आमचं शेवटचं जहाज रिकामं झालं. मला धक्क्यावर उतरवत असताना केबिनची खिडकी उघडली. दाजींचा एक हात दांड्यावर होता आणि दुसरा बाहेर, उंच. 'थांब.' जन्मभर दुसऱ्याचा हात वाचणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच स्वतः हात केला होता.

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी टेकेपर्यंत माझ्याचकडे. मग त्यानं काम संपल्याची खूण केली आणि तसाच वळून फाटकाबाहेर गेला. "अहो, वर बघा ना!" मी जीव तोडून हलले. पण जाळी हलली की माणसांना वाटतं, वारा आहे.

दाजी शिडी उतरून आले आणि रिकाम्या कठड्याशी उभे राहिले. "बघूनही गेला," एवढंच पुटपुटले. पुन्हा कधी ते त्याच्या दारी गेले नाहीत.

आता मी गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहे. दोर उसवलेत, उंदीर कुरतडतात. लवकरच मला भंगारात काढतील, काढू देत. पण तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. दाजींना सांगा, त्यानं तुमचा हात पाहिलाच नाही. आणि मेहुण्याला सांगा, त्या दिवशी ओझं लटकत होतं.

फक्त जरा लवकर जा हो. दोघंही थकलेत.